मदत हवी आहे: सायलेन्सरचा स्टड इंजिनाच्या हेडमध्येच तुटला

१२५ सीसी बाईक, ११ वर्षं जुनी, कायम समुद्राजवळ उघड्यावर उभी. सायलेन्सर सडून भोक पडलं, म्हणून नवा आणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलायला घेतला. इंजिनाकडचा एक नट सुटला. दुसऱ्याबरोबर ६ एमएमचा स्टडच (नट ज्यावर बसतो तो हेडमधला आटेवाला दांडा) मोडला. बाहेर जेमतेम ४ एमएम तुकडा उरलाय.

दोन रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला, मग व्हाइस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) फिरवून पाहिलं. हलत नाही, उलट तुकडा गुळगुळीत झालाय. दोन नट एकमेकांवर आवळायला एवढी लांबी पुरत नाही. ईझी-आउट (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून, त्यात उलटा फिरवत रुतवायचा काढणी-स्क्रू) मुद्दाम लावला नाही. तो आत तुटला तर त्याच्या कडक पोलादावर साधं ड्रिल चालत नाही, आणि हेड अॅल्युमिनियमचं. तिथले आटे गेले तर फार जीवाला लागेल.

पार्किंगमध्ये ज्योत पेटवायला मनाई आहे, वेल्डिंग मशीन नाही. हँड ड्रिल आहे, नवं गॅस्केटही आणलंय. गॅरेजला न्यायचं तर टेम्पो करावा लागेल.

ज्यांनी स्वतः असा स्टड काढलाय त्यांना विचारतोय: उलट्या दिशेने कापणारं ड्रिल बिट वापरून घरीच प्रयत्न करावा का, आणि ते मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात सुटं मिळतं का? की थेट तुकड्यावर नट वेल्ड करून घ्यावा?