मदत हवी आहे: युरिया जास्त झालेला हिरवा मका म्हशींना द्यावा का?

नमस्कार मंडळी,

मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या बाजूला आमचा छोटा गोठा आहे. मी आणि भावोजी मिळून बघतो, दूध कल्याणला जातं. पावसाच्या झडीत चारा कमी पडला म्हणून शेजारच्या दादांकडून उभा मका घेतला. सकाळी कुट्टी करून टाकली आणि दुपारच्या आत आमची पहिलारू म्हैस धापा टाकायला लागली. तोंडातून लाळ, पाय लटपटत होते. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या मातकट तपकिरी! जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या हेल्पलाइनवर फोन केला. डॉक्टर आले, सुईत आलेलं रक्त अगदी चॉकलेटी होतं. त्यांनी शिरेतून मेथिलीन ब्लू दिलं आणि हळूहळू तिचा श्वास बसला. वाचली बिचारी.

डॉक्टर म्हणाले, नायट्रेटची विषबाधा. पावसाने खत वाहून जातं, पानं पिवळी पडतात, म्हणून दादांनी पुन्हा युरिया फेकला होता. वर आभाळ भरलेलं. ऊन नसलं की पिकाने उचललेलं नायट्रेट प्रथिनात बदलत नाही, ताटात साठून राहतं. म्हशीच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. दादांचाही यात दोष नाही, खताच्या दुकानात हे कोणी सांगत नाही. पण शेतात काय टाकलं हे विचारल्याशिवाय चारा घ्यायचा नाही, हे मला आता पक्कं पटलंय.

अजून निम्मं शेत उभं आहे, पैसेही देऊन झालेत. वाळवून घातला तर चालेल का? ज्वारीची किरळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) वाळवल्यावर जाते असं सासूबाई म्हणतात. की मुरघास करू, म्हणजे कुट्टी खड्ड्यात हवाबंद दाबून आंबवू? एक म्हैस गाभण आहे, तिची फार काळजी वाटते.

---

प्रतिसाद:

ताई, म्हैस उठली हे वाचून जीव भांड्यात पडला.

वाळवू मात्र नका. सासूबाईंचं ज्वारीबद्दल बरोबर आहे, किरळ सायनाइडमुळे लागते आणि ते वाळताना बरंचसं उडून जातं. नायट्रेट तसं उडत नाही, वाळल्या वैरणीतही तेवढंच राहतं. मुरघासात आंबताना ते बरंच कमी होतं, पण सगळं जाईलच असं नाही. दोन महिने मुरू द्या आणि तपासल्याशिवाय घालू नका. कोरड्या वजनावर नायट्रेट १ टक्क्याच्या वर असेल तर धोका धरायचा. नमुना कुठे द्यायचा ते तुमच्याच डॉक्टरांना विचारा.

आणखी एक, हे फार जपा. अशा चाऱ्याचा मुरघास भरल्यावर पहिले काही दिवस पिवळसर तपकिरी विषारी वायू निघू शकतो. खड्ड्यात वाकून बघू नका, मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

कापणी लांबवता आली तर उत्तम. चांगलं ऊन लागून आठवडाभर गेला की कापा, तेही बुंध्याकडचं फूटभर सोडून. नायट्रेट सगळ्यात जास्त खालच्या ताटात असतं, कणसात जवळपास नसतंच. उपाशी जनावरापुढे असा चारा कधीच टाकू नका. आधी भाताचा पेंढा, थोडा भरडा, मग थोडी थोडी कुट्टी. गाभण म्हशीला हा मका अजिबात नको, गाभ पडू शकतो.

---

ताई:

खूप आभार दादा. गाभण म्हशीला आजपासून पेंढा आणि भरडाच. कापणी थांबवायला शेजारच्या दादांनी होकार दिलाय. पुढच्या वर्षी युरियाऐवजी शेणखतावर मका घ्या म्हणून त्यांना सांगू का? मग ही भीती राहणार नाही ना?

---

प्रतिसाद:

कमी होईल, पण शेणखतही अति टाकलं की नायट्रेट साठतंच. युरिया द्यायचाच तर थोडा थोडा विभागून द्यायला सांगा, आणि आभाळ भरलेलं असताना पानं पिवळी दिसली म्हणून लगेच गोणी उघडू नका म्हणावं.