पिल्लांना ऊब कशानं द्यायची? २५० वॅटच्या बल्बची भीती वाटतेय

भूगाव_अंगण
नमस्कार सगळ्यांना. आम्ही भूगावला राहतो, घरामागं थोडी जागा आहे तिथं पत्र्याची शेड केलीय. पुढच्या आठवड्यात खडकीच्या अंडी उबवणी केंद्रातून एक दिवसाची २५ पिल्लं आणायचं ठरलंय. खुराडं, जाळी, पाण्याची भांडी सगळं तयार आहे, अडलंय फक्त उबेपाशी.

दुकानदारानं २५० वॅटचा लाल बल्ब आणि चिमट्याचा होल्डर दिलाय, म्हणाला सगळे हाच नेतात. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेकडे सासवडला असाच बल्ब रात्रीत निसटून तुसात पडला, तिचे सासरे पहाटे लवकर उठतात म्हणून धूर दिसला, नाहीतर शेजारच्या गोठ्यापर्यंत गेलं असतं. पिल्लं एकही वाचलं नाही. मी दुसऱ्या दिवशी तिथं गेले होते, तो वास अजून विसरले नाही. त्यामुळे हा बल्ब लावून मला झोप लागणार नाही हे नक्की. सासूबाई म्हणतात त्यांच्या माहेरी भोरकडे कोळशाची शेगडी ठेवायचे, काही होत नाही. मिस्टर म्हणतात पहिला आठवडा स्वयंपाकघरातच ठेवू, तिथं आपोआप गरम असतं.

घरात ६ आणि ९ वर्षांची मुलं आहेत, ती सारखी पिल्लांपाशी जाणार. आणि आमच्याकडे गुरुवारी हमखास लाईट जाते, कधीकधी रात्रीही. कुणी काय वापरलंय ते अनुभवासकट सांगा प्लीज.

पिरंगुट_शेड
ताई, मी सहा वर्षं दोनशे-दोनशेची बॅच काढतोय, तीही बल्बवरच, पण तुमची भीती अगदी बरोबर आहे. २५ पिल्लांना २५० वॅट लागतच नाहीत. आपल्याकडे साधा हिशोब पिल्लामागे २ वॅटचा धरतात, म्हणजे तुमचे झाले ५०, थंडी आहे म्हणून १०० धरा. त्यातही १०० चा एक लावू नका, ६० चे दोन लावा, एक उडाला तरी सकाळपर्यंत पिल्लं तग धरतात. फक्त दुकानात नीट सांगा की जुना तारेचा पिवळा बल्ब पाहिजे, हल्ली न बघता एलईडी हातात ठेवतात आणि त्यानं ऊब काहीच येत नाही. बुधवार पेठेत इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारलं तर मिळतात अजून.

आणि तो चिमटा आजच काढून ठेवा. आगी लागतात त्या बहुतेक त्या चिमट्यामुळेच, स्प्रिंग गरम होऊन ढिली पडते, नाहीतर मांजर उडी मारतं, नाहीतर पिल्लूच मोठं झाल्यावर उडून बसतं. बल्ब कायम साखळीनं वरच्या पाइपाला टांगायचा, आणि साखळीशिवाय वेगळी एक तार बांधून ठेवायची म्हणजे एक सुटलं तरी दुसऱ्यावर लटकेल, खाली तुसापर्यंत पोचणार नाही. वायरीवर भार द्यायचा नाही. बल्बभोवती लोखंडी जाळीची टोपी पाहिजेच. तुसापासून दीड फूट उंच, आणि दर आठवड्याला दोन-तीन इंच वर घ्यायचा.

शेगडी मात्र बंद खोलीत अजिबात नको. मोठ्या माणसांच्या अनुभवाला मी नाही म्हणत नाही, पण त्यांची घरं कौलांची, वर धूर जायला वाट असायची. आपण थंडी म्हणून खिडक्या लावून, फटीत गोणपाट कोंबून शेगडी ठेवतो आणि कोळशाचा विषारी वायू आत कोंडतो, त्याला वासही नसतो. पिल्लं तर जातीलच, आत झोपलेलं माणूससुद्धा उठत नाही.

पाषाणची_ताई
स्वयंपाकघराचं आधी सांगते कारण ते कुणी सांगत नाही. स्वयंपाकघरात ठेवू नका!! नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहून जास्त तापला की त्याच्या थरातून जो वायू निघतो तो आपल्याला फारसा जाणवत नाही पण पक्ष्यांची फुप्फुसं त्यानं काही मिनिटांत निकामी होतात. माझ्या मैत्रिणीचे दोन लव्हबर्ड असेच गेले, डोसा टाकायचा म्हणून तवा ठेवला आणि फोन आला. तिला कितीतरी दिवस कळलंच नाही की कशानं गेले. बल्ब घेतानाही हेच बघा, फुटू नये म्हणून काही हीटिंग बल्बांवर टेफ्लॉनचा थर दिलेला असतो, तो तापला की बंद जागेत हेच होतं. बॉक्सवर तसं काही लिहिलं असेल तर पिल्लांसाठी घेऊच नका.

आता माझा अनुभव. मी हीटिंग प्लेट वापरते, ब्रूडर प्लेट म्हणून ऑनलाइन मिळते. बल्बच्या कितीतरी पट महाग आहे हे खरं, पण तुमच्यासारखीच मलाही बल्ब लावून झोप यायची नाही म्हणून एकदाच खर्च केला आणि आता चौथी बॅच आहे. चार पायांचं छोटं टेबल समजा, खालची बाजू कोमट ते गरम, पिल्लं तिच्याखाली शिरतात आणि पाठ टेकवून बसतात, कोंबडीच्या पोटाखाली बसतात तशीच. पडली, उलटी झाली तरी तूस पेटेल इतकी ती तापत नाही. उजेड नसतो म्हणून पिल्लांना खरी रात्र मिळते, बल्बखाली चोवीस तास उजेडात ती एकमेकांना टोचत बसायची, ते माझ्याकडे थांबलं. उंची मात्र रोज बघावी लागते, पिल्लं भराभर वाढतात, पाठ टेकली पाहिजे पण चिरडायला नको.

एक गोष्ट, प्लेटखाली थर्मामीटर ठेवून आकडा बघत बसू नका, ती हवा तापवत नाही, अंगाला लागून ऊब देते, त्यामुळे आकडा कमीच दिसतो आणि आपण उगाच घाबरतो.

वायरिंग_काका
इलेक्ट्रिकची कामं करतो, कोंबड्यांतलं जास्त कळत नाही पण अशा शेड जळलेल्या बघितल्यात म्हणून लिहितो. प्लास्टिक होल्डर १०० वॅटच्या तारेच्या बल्बलाही नको, आठवड्यात पिवळा पडतो मग ठिसूळ होतो आणि बल्ब काचेसकट खाली येतो. चिनीमातीचा होल्डर घ्या. पेट शॉपमध्ये कासवा-सरड्यांसाठी बिनउजेडाचा सिरॅमिक हीटर मिळतो, कुणी तो घेणार असेल तर त्यालाही हाच होल्डर, आणि तो दिसायला थंड वाटतो पण हात लागला तर फोड येतो, घरात लहान मुलं आहेत तिथं मी तरी सुचवणार नाही.

घरातून एक्स्टेंशन ओढून शेडमध्ये नेऊन त्याला दुसरं एक्स्टेंशन जोडू नका. जोड तुसात पडतो, वर पाणी सांडतं. शेडमध्ये भिंतीवर वर एक पक्का पॉइंट काढा, अर्थिंगसकट, आणि त्या लाइनीला आरसीसीबी (करंट गळायला लागला की आपोआप लाइन तोडणारा स्विच) आहे का ते बघून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं, पिल्लं यायच्या आधी एक दिवस-रात्र नुसतं चालू ठेवून बघा. वायर, प्लग, होल्डर हाताला कोमट लागले तर ठीक, चटका बसला तर काहीतरी चुकलंय.

लाईट जाण्याचा हिशोब असा. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची, १५० एएचची (अँपिअर-तास) धरली तर कागदावर १८०० वॅट-तास होतात, हातात येतात साधारण १२००. २५० चा बल्ब त्यावर पाच तासही नीट चालणार नाही, घरातले पंखे वेगळेच. ४० वॅटची प्लेट मात्र जवळजवळ दिवसभर निघेल. बिलाचंही तसंच, २५० वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला ६ युनिट, प्लेटला १ च्या आत.

भूगाव_अंगण
खूप खूप आभार. तव्याचं वाचून अंगावर काटा आला, मिस्टरांना लगेच वाचून दाखवलं. शेगडीचं सासूबाईंना समजावून सांगितलं, त्या म्हणाल्या हो आमच्याकडे कौलं होती खरी. म्हणजे प्लेटच घेऊ ना? पण शेडमध्ये पहाटे फार गार पडतं, पत्रा ओला होतो, त्यात प्लेट पुरेल का?

पिरंगुट_शेड
पुरणार नाही. पाषाणच्या ताईंचं सगळं पटलं पण त्या घरात ठेवतात. उघड्या पत्र्याखाली पहाटे दहा डिग्रीच्या खाली गेलं की प्लेटखालची पिल्लं गरम राहतात पण दाण्याला बाहेर यायला तयार होत नाहीत, मग खाणं कमी, वाढ कमी. पहिले दोन-तीन आठवडे घरातली एक खोली द्या, मग शेड.

आपल्याकडची थंडी फसवी आहे, पहाटे दहा आणि दुपारी त्याच पत्र्याखाली तीसच्या वर. एकच सेटिंग दिवसभर चालत नाही. पहिल्या आठवड्यात उबेच्या जागी ३२ ते ३५ डिग्री लागतात, नंतर दर आठवड्याला ३ डिग्री कमी करत यायचं, पिसं पूर्ण आली की बंद. पण खरं थर्मामीटर पिल्लंच आहेत. सगळी एका जागी गोळा होऊन कर्कश ओरडत असतील तर गारठलीत, लांब कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर जास्त तापलंय, सगळीकडे पसरून बारीक चिवचिव करत खात-पीत फिरत असतील तर हात लावू नका. म्हणून अख्खी जागा गरम करायची नसते, एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गार, दाणापाणी मध्ये. त्यांचं ती बरोबर ठरवतात. पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं दीड फुटी गोल कडं करा, साडेतीन-चार फूट रुंद. चौकोनी खोकं नको, थंडी वाजली की कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. माझी पहिल्या वर्षी एका रात्रीत अकरा गेली ती अशीच, बल्ब चालू होता तरी.

मावळची_मावशी
सगळं वाचलं. बाळ, आजूबाजूला कुणाकडे खुडूक कोंबडी आहे का बघ. आमच्याकडे कामशेतला विजेचं काहीच नव्हतं तेव्हा हेच होतं. पंधरा-वीस दिवस अंड्यांवर बसलेली पक्की खुडूक पाहिजे, काल बसली आज उठली असली नको. दिवसा पिल्लं दाखवायची नाहीत. रात्री अंधार पडल्यावर डालग्याखाली हात घालून अंडी काढायची आणि एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सारायचं. सकाळी ती त्यांना आपलीच समजते. पिल्लं एक-दोन दिवसांचीच पाहिजेत, मोठी झाली की ती तिला आई मानत नाहीत. पहाटे उठून लक्ष ठेवायचं, एखादी टोचते, तसं दिसलं की लगेच काढून घ्यायची. एका गावठी कोंबडीखाली थंडीत दहा-बारा मावतात, पंचवीस नाही मावायची, उरलेल्यांना तुझी ती प्लेट. पण तिला लाईट जायची भीती नाही, आणि ती मांजराच्या अंगावर धावून जाते, ते कुठली प्लेट करणार.

पाषाणची_ताई
मावशी किती छान सांगितलंत. @भूगाव_अंगण लाईट गेली आणि इन्व्हर्टरही संपला तर जाड प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलमध्ये गुंडाळून कड्यात आडवी ठेवायची आणि वरून गोधडीनं अर्धंच झाकायचं, हवा राहिली पाहिजे. दोन तासांनी पाणी बदला. शेकायचा इलेक्ट्रिक पॅड लावायचा विचार असेल तर बघून घ्या, बरेचसे तास-दोन तासांनी आपोआप बंद होतात आणि रात्री ते कळत नाही.

खाली नुसता गुळगुळीत पेपर नको, पाय फाकतात आणि ते पिल्लू मग उभंच राहत नाही. भाताचं तूस किंवा सुताराकडची रंध्याची ढलपी चालेल, बारीक भुसा नको, दाणा समजून खातात. आणि मुलांना दरवेळी साबणानं हात धुवायला लावा, पिल्लांच्या शीतून साल्मोनेला येतो, गालाला लावणं, पापी घेणं अजिबात नको, कितीही गोड दिसली तरी.

भूगाव_अंगण
बारा दिवसांनी लिहितेय, सॉरी. प्लेट आली, वायरमनकडून मागच्या खोलीत वर पॉइंट काढून घेतला, एक दिवस-रात्र रिकामी चालवून बघितली. पिल्लं आणली तेव्हा प्रत्येकाची चोच कोमट पाण्यात बुडवून प्यायला शिकवलं, धाकट्यानं मोजून मोजून पंचवीस वेळा हात धुतले. खुडूक कोंबडी मिळाली नाही, शेजारच्या आजी म्हणाल्या संक्रांतीनंतर बसेल त्यांची एक, त्यांना सांगून ठेवलंय.

गुरुवारी नऊ ते साडेतीन लाईट नव्हती, इन्व्हर्टरवर निघालं. पहिल्या रात्री मी दर तासाला उठत होते. दोन पिल्लं गेली, एक आणतानाच मलूल होतं, दुसरं तिसऱ्या दिवशी, त्याची शी मागं चिकटून बसली होती, माझ्या लक्षात यायला उशीर झाला, कोमट पाण्यानं पुसून काढली पण नाही वाचलं. फार वाईट वाटलं. तेवीस आहेत.

काल रात्री अकरा वाजता बघायला गेले तर सगळी प्लेटखाली आणि एकच बाहेर तुसावर पाय मागं ताणून मान टाकून पडलेलं. मला वाटलं गेलं. हात लावला तर जोरात ओरडून उठलं आणि बाकीची सगळी जागी झाली. हे असंच झोपतात का?

पिरंगुट_शेड
असंच झोपतात ताई, पोट भरलंय आणि ऊब पुरेशी आहे म्हणूनच बाहेर पसरलंय. उद्या प्लेट एक घर वर घ्या.