रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांचे वेगळेपण नेमके कशात आहे?

निशिगंधा (प्रश्न):
नमस्कार. मी प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ची विद्यार्थिनी असून चेतापेशींच्या वाढीवर चर्चासत्रासाठी टिपण लिहीत आहे. इटालियन शास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याविषयी जिथे वाचावे तिथे महायुद्धाच्या काळात झोपायच्या खोलीत थाटलेली प्रयोगशाळा आणि १९८६ चे नोबेल एवढेच सांगितलेले असते. कोंबडीच्या गर्भातला पंखाचा कोंब कापून पाहण्याचा प्रयोग तर गर्भशास्त्रज्ञ व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी १९३४ मध्येच प्रसिद्ध केला होता. मग रीटा यांनी त्यात स्वतःची अशी कोणती भर घातली?

सूक्ष्मदर्शी:
भर निरीक्षणाची होती आणि तिने अर्थच बदलला. कोंब कापला की त्या बाजूची चेतागुच्छिका (चेतापेशींचा पुंजका) लहान राहते, हे हॅम्बर्गर यांनी दाखवले होते. अवयवाकडून संदेश न आल्यामुळे तिथल्या कच्च्या पेशी चेतापेशी बनतच नाहीत, असे त्यांचे अनुमान होते. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे तुरीनच्या विद्यापीठाची दारे बंद झालेल्या रीटा यांनी घरीच शिवणाच्या सुया घासून त्यांच्या शस्त्रक्रियेसाठी सुऱ्या केल्या, शेतकऱ्यांकडून फलित अंडी आणली आणि गुरू ज्युसेप्पे लेव्ही यांच्यासह तोच प्रयोग पुन्हा केला. मात्र त्यांनी केवळ शेवटची अवस्था पाहिली नाही. टप्प्याटप्प्याने गर्भ घेऊन, त्यांचे पातळ छेद चांदीच्या क्षारांनी रंगवून पेशी मोजल्यावर असे दिसले की त्या पेशी तयार होतात, तंतूही काढू लागतात आणि नंतर मरतात. म्हणजे प्रश्न पेशी घडण्याचा नसून जगण्याचा होता. माझ्या मते त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचे मूळ इथे आहे. इटलीत ज्यूंचे लेखन छापले जात नसल्याने हा निबंध १९४२ मध्ये बेल्जियममध्ये प्रसिद्ध झाला.

जुना प्राध्यापक:
वरील उत्तराला पुढचा भाग जोडतो. एल्मर ब्यूकर यांनी १९४८ मध्ये उंदराची सार्कोमा १८० ही कर्करोगाची गाठ कोंबडीच्या गर्भात रोवली, तेव्हा चेतातंतू तिच्यात शिरलेले आढळले. रीटा यांनी अमेरिकेत सेंट लुईसमध्ये तोच प्रयोग पुढे नेला आणि गाठ गर्भाच्या बाहेर, केवळ रक्तपुरवठा समान राहील अशा पटलावर ठेवली. तरीही गर्भातल्या अनुकंपी (हृदयासारख्या अवयवांचे आपोआप चालणारे काम सांभाळणाऱ्या चेतासंस्थेतल्या) गुच्छिका अफाट वाढल्या. स्पर्शाविना परिणाम होतो, त्या अर्थी गाठीतून काहीतरी पाझरते. १९५२ मध्ये गाठी असलेले उंदीर विमानाने रिओ दी जानेरोला नेऊन, तिथे हेर्था मेयर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी गुच्छिका आणि गाठीचा तुकडा काचेवर शेजारी शेजारी वाढवले. एका दिवसात गुच्छिकेभोवती सूर्याच्या किरणांसारखे दाट तंतू फुटले. पुढच्या वर्षी आलेले स्टॅन्ली कोहेन यांच्यामुळे द्रव्य वेगळे करण्याचे काम सुरू झाले. त्यातील न्यूक्लिइक आम्ले नष्ट व्हावीत म्हणून सापाचे विष घातले, तर विषातच ते द्रव्य कितीतरी अधिक निघाले! त्यावरून उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या आणि तिथे मुबलक साठा सापडला. हेच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे चेतापेशींची वाढ घडवणारे द्रव्य. त्याविरुद्धचे प्रतिद्रव्य नवजात उंदरांना टोचल्यावर त्यांच्या अनुकंपी गुच्छिका जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि हा पुरावा मला सर्वांत भक्कम वाटतो.

सूक्ष्मदर्शी:
दोन गोष्टी टिपणात आवर्जून घ्याव्यात. पहिली, हॅम्बर्गर यांच्यावर अन्याय होऊ नये. आपले अनुमान खोडणाऱ्या संशोधिकेला त्यांनीच महायुद्धानंतर सेंट लुईसला बोलावले आणि १९४९ मध्ये तिच्यासह निबंध लिहून पेशीमृत्यूचे मत मान्य केले. नोबेलमध्ये मात्र ते नव्हते. दुसरी, हे द्रव्य सर्व चेतापेशींचे खत नव्हे. अनुकंपी आणि काही संवेदी पेशीच त्यावर जगतात. स्नायूंना चालवणाऱ्या पेशींना इतर द्रव्ये लागतात.

निशिगंधा:
दोघांचेही मनापासून आभार. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आम्ही गर्भाच्या ३३, ४८ आणि ७२ तासांच्या काचपट्ट्या पाहिल्या, त्यात मृत पेशींचा विचार कधीच आला नव्हता. कोंब न कापलेल्या गर्भातही असा मृत्यू दिसतो का?

सूक्ष्मदर्शी:
होय, ताई. १९४९ च्या निबंधात तेच आहे. पंख आणि पाय यांच्यासमोरच्या गुच्छिकांत पेशी टिकतात; मान आणि छातीच्या भागात, जिथे चेतातंतूंना पुरवायचे क्षेत्र लहान असते, तिथे त्या मोठ्या संख्येने मरतात. हे ७२ तासांनंतर घडते, म्हणून शक्य असल्यास पाचव्या-सहाव्या दिवसाचे छेद मागवून पाहावेत.