कापसाचं आयात शुल्क दिल्ली ठरवते की डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना)? विदर्भातल्या चार गावांचं बोलणं

पांढरकवडा: ऐन हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, ११ टक्के शुल्क उठवलं. संसदेत मतदान झालं का? की डब्ल्यूटीओची सक्ती?

वणी: सक्ती कायची, भाऊ! सीमाशुल्क कायदा १९६२, कलम २५. केंद्र अधिसूचना काढून सूट देतं, संसदेपुढं ती मागाहून ठेवतात. आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ३१ डिसेंबरपर्यंत ताणली.

हिंगणघाट: डब्ल्यूटीओ आडवं येतं ते हमीभावात. सरकारी आधाराची मर्यादा उत्पादनमूल्याच्या १० टक्के, अन् हमीभावाची तुलना १९८६-८८ च्या किमतीशी! महागाई गेली कुठं?

राळेगाव: तोवर सीसीआयसाठी (हमीभावानं खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ) कापसातला ओलावा ८ टक्क्यांत ठेवा. त्यापुढं भाव कापतात, १२ च्या वर गाडी परत. दव सुकल्याशिवाय वेचणी नको.