निम्मं इंधन धुरांड्यातून जातं म्हणे!

काजळीवाला: काल इथे एकाने ठोकून दिलंय, 'जहाज निम्मं इंधन धुरांड्यातून हवेत सोडतं, ती उष्णता पकडली की बिल अर्धं.' वाचून डोकं फिरलं. मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनात जवळपास ५० टक्के ऊर्जा शाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, मिळतेच. धुरातून जाते साधारण २५. बाकीची स्कॅव्हेंज एअर कूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा), जॅकेट वॉटर (सिलिंडर थंड ठेवणारं पाणी), ल्युब ऑइलमध्ये. टर्बोचार्जरनंतर (धुरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारं यंत्र) धूर जेमतेम २५० अंशांचा, आणि इकॉनॉमायझरमध्ये (धुराच्या उष्णतेवर वाफ करणारा बॉयलर) तो १६०च्या खाली नेला की नळ्यांवर गंधकाचं आम्ल बसतं. मग पकडणार काय?

उलटा पंप: इंजिनाच्या शक्तीच्या ८-१० टक्के! एमा मर्स्क हे कंटेनर जहाज २००६ मध्ये आलं तेच धुराच्या उष्णतेवर टर्बाइन फिरवून वीज करायची ही व्यवस्था घेऊन. टर्बाइनच्या विजेवर जनरेटर बंद ठेवता येतो, ते दिसत नाही का? आणि जॅकेट वॉटरवर तुम्ही पिण्याचं पाणी बनवता, तेही वाया गेलेल्या उष्णतेवरच.

काजळीवाला: पाण्यावर वाद कोण घालतंय? तुमचे ८-१० टक्के भर लोडवरचे. २००८ नंतर सगळे हळू चालवायला लागले. वेग १० टक्के कमी केला की शक्ती साधारण २७ टक्क्यांनी उतरते. धूर कमी, वाफ कमी, शेवटी तेलावरचा बॉयलर पेटवायचा. नळ्यांवर काजळी साचते ती वेगळीच. मी थर्ड इंजिनियर असताना रात्री इकॉनॉमायझर पेटला. इंजिन बंद, सर्क्युलेटिंग पंप चालू ठेवून बाहेरून पाणी मारत बसलो. सकाळपर्यंत हात थरथरत होते.

डेकवरचा: काजळीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. ब्रिजला (जिथून जहाज हाकतात तिथे) न सांगता सूट ब्लो का करता, नळ्यांवरची काजळी झोताने का उडवता? कालच रंगवलेलं डेक आज काळं!

काजळीवाला: आम्ही फोन करतो, तुमचा मेट (डेकचा अधिकारी) उचलत नाही.

डेकवरचा: पहाटे ४ला? वारा मागून असताना? खलाशांना दोनदा घासायला लावलंय मी, ते मलाच शिव्या देतात.

काजळीवाला: मग कोर्स थोडा बदलून द्या की! वारा आडवा आला की काजळी समुद्रात. पाच मिनिटांचं काम, पण साहेबांना लॉगबुकात लिहायला लागतं ना.

डेकवरचा: इंजिनवाल्यांनी आता आम्हाला कोर्स शिकवायचा!

भाडोत्री: भांडा लेको. मूळ गोष्ट कोणी बोलतच नाही. टाइम चार्टरमध्ये, म्हणजे जहाज मुदतीवर भाड्याने दिलं की, यंत्राचे पैसे मालकाचे, इंधन भरणार चार्टरर, म्हणजे भाड्याने घेणारा. बचत दुसऱ्याच्या खिशात जाणार असेल तर मालक टर्बाइन कशाला लावेल?

उलटा पंप: हे मात्र खरं. आणि लोडचं काजळीवाल्यांचंही मान्य, जरा नाइलाजानेच. पण आगीच्या भीतीने वाफ सोडून द्यायची असेल तर इंजिनही बंद ठेवा, ते तर रोजच पेटतं.

काजळीवाला: मान्य केल्याबद्दल उपकार झाले. आता येऊन नळ्या धुवा.

डेकवरचा: धुण्याआधी ब्रिजला कळवा!