भावाच्या पोटातून पांढऱ्या फितीचे तुकडे पडून रायले, जंताची गोळी देऊनही बंद नाई

वावरवाला_यवतमाळ:
लहान भाऊ 24 वर्षाचा, महिनाभरापासून संडासात पांढरे चपटे तुकडे दिसून रायले, भोपळ्याच्या बी एवढे. आशाताईकडून अल्बेंडाझोलची 400 ची एक गोळी आणून देल्ली, आठ दिवस बरं वाटलं मंग पुन्हा तेच. आता काय करा लागते? पोट्टा लाजून दवाखान्यात यायले तयार नाई.

संत्रा_बर्फी:
वावडिंग आन् भोपळ्याच्या बिया सकाळी अनशापोटी द्या, आमच्या आजीचा उपाय हाये.

फार्मसीवाला_वर्धा:
वावडिंगानं हा जाणार नाई बापा. हा पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत दिसते, शाळेत 10 फेब्रुवारीले देतात ती अल्बेंडाझोलची एक गोळी गोल जंतासाठी चांगली, याच्यासाठी एक डोस कमी पडते. याचं खरं औषध प्राझिक्वांटेल, किलोमागे 5 ते 10 मिलिग्रॅम, एकदाच, म्हणजे 60 किलोच्या माणसाले 600 ची एक गोळी होते. पण डॉक्टरच्या चिठ्ठीवरच, आन् आधी संडास तपासून घ्या. गोळी कडू रायते, चघळू नोको, जेवणानंतर पाण्यासंगं गिळायची, अन् चक्कर येऊ शकते म्हणून त्या दिवशी गाडी चालवाची नाई.

गावची_नर्स:
एक विचारते, भावाले कधी झटके आले का, नाईतर सारखं डोकं दुखते का? डुकराच्या मटणातल्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होतात, मटण न खाणाऱ्यालेही, हात न धुतल्यानं. अशा माणसाले प्राझिक्वांटेल देल्लं की मेंदूतल्या गाठी मरून सूज येते आन् झटका येऊ शकते. पट्टकृमीचं दुसरं औषध निक्लोसामाइड आतड्यातून रक्तात जवळपास जातच नाई, म्हणून अशा वेळी डॉक्टर कधी ते निवडतात.

वावरवाला_यवतमाळ:
ताई तुम्ही विचारलं म्हणून आठवलं, दोन वर्षाआधी पऱ्हाटी वेचतांनी हात आकडले होते त्याचे, तोंडाले फेस आला होता. आम्ही समजलो ऊन लागलं.

गावची_नर्स:
मंग एकही गोळी देऊ नोका, अल्बेंडाझोल पण नाई. उद्याच जिल्हा रुग्णालयात न्या, झटक्याचं पयलं सांगा, तुकडा डबीत घेऊन जा, डोक्याचा सीटी स्कॅन सांगतील. अन् घरातल्या सगळ्यायचे संडास तपासून घ्या.

वावरवाला_यवतमाळ:
सकाळच्या सातच्या एसटीनं निघतो. आईले अजून सांगतलं नाई.