'सिम्युलेटेड डार्क'ला मराठीत काय म्हणायचं?

सीसीडी कॅमेऱ्याने काढलेल्या आकाशाच्या फोटोंवर प्रोसेसिंग कशी करायची याच्यावर मराठीत लिहितोय. डार्क फ्रेमपर्यंत ठीक चाललं होतं, म्हणजे शटर बंद ठेवून, तेवढ्याच तापमानाला नि तेवढ्याच एक्स्पोजरचा फोटो घ्यायचा आणि नंतर खऱ्या फोटोतून वजा करायचा, एवढं लिहून झालं. सिम्युलेटेड डार्कवर अडलंय. 'कृत्रिम काळी चौकट' लिहिलं तर कुणाच्या तरी निधनाची बातमी वाटायला लागली. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद १
काळी चौकट नकोच, आणि ती काळी तरी कुठे असते? प्रकाश अजिबात नसला तरी सिलिकॉनमधल्या उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि पिक्सेलमध्ये साठतात, तापमान साधारण 6-7 अंशांनी वाढलं की दुप्पट, म्हणून तर कॅमेरा गार करतात. वर बायसची पातळी (शून्य एक्स्पोजरलाही येणारा मूळचा आकडा), रीडआउटचा नॉइज (आकडे वाचताना होणारा चढउतार), हॉट पिक्सेल (अंधारातही उजळ दिसणारे), मधूनच एखाद्या कॉस्मिक किरणाचा ओरखडा... स्ट्रेच करून, म्हणजे अंधारातले बारीक फरक ताणून बघा, चांगलीच भरलेली फ्रेम असते. 'डार्क' तसाच ठेवा, वापरणारे सगळे तेच म्हणतात. 'सिम्युलेटेड'ला 'सदृश' चालेल का?

प्रतिसाद २
'सदृश डार्क' म्हटल्यावर कुणालाही काही कळणार नाही. पण आधी हे सांगा की तुम्हाला तो डार्क हवाय कशाला, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात.

एक म्हणजे हातात 300 सेकंदांचा मास्टर डार्क (अनेक डार्कची सरासरी) आहे आणि फोटो 100 सेकंदांचा, मग हिशोब करून 100 चा डार्क काढायचा. समजा बायस 1000 आणि डार्कची सरासरी 1060, तर वरचे 60 हे 300 सेकंदांचे, 100 सेकंदांचे 20, म्हणजे डार्क 1020. हे पिक्सेलगणिक करायचं. बायस आधी वजा न करता सरळ तिनाने भागलं तर 353 येतात आणि मग फोटोचं वाटोळं. याला मी 'बेतलेला डार्क' म्हणेन, मापाने बेततात तसा.

दुसरा प्रकार म्हणजे कॅमेरा नसताना सॉफ्टवेअर तपासायला शून्यातून तयार केलेला, त्यात बायस, डार्क करंट (उष्णतेने सुटणारे इलेक्ट्रॉन), नॉइज, हॉट पिक्सेल सगळं आपणच घालायचं. तो 'बनावट डार्क'. बनावट शब्दाला वाईट वास आहे हे मान्य, पण तो असलेलाच बरा, चुकून कुणी खऱ्या फोटोतून वजा करणार नाही.

धागाकर्ता
बेतलेला आवडला! मला पहिलाच प्रकार हवाय. पण मग त्यात नॉइज घालायचा की नाही? सिम्युलेट म्हटलं की खऱ्यासारखं दिसायला हवं ना.

प्रतिसाद २
अहो नाही, बेतलेल्यात नॉइज अजिबात घालू नका! तिथेच हा शब्द घोळ करतो. तुम्हाला वजा करायचीय ती पिक्सेलची सरासरी, आणि नॉइज काही वजा होत नाही, दोन्हीकडचा वर्गाने बेरीज होऊन वाढतो. गेन 1 धरा (एका इलेक्ट्रॉनला एक आकडा), वरच्या 60 इलेक्ट्रॉनचा नॉइज वर्गमुळाएवढा म्हणजे पावणेआठ, रीड नॉइज 8 असेल तर मिळून 11 च्या आसपास. असे 16 डार्क सरासरीत घेतले की चौथा हिस्सा, पावणेतीन उरतो. एवढा खटाटोप करून जो घालवला तो परत हाताने घालायचा?
बनावटमध्ये मात्र घालायलाच हवा, डार्क करंटला पॉयसन आणि रीडआउटला गॉशियन वितरणाचा, नाहीतर तपासणार काय.

प्रतिसाद ३
बेतताना लांब एक्स्पोजरवरून आखूडकडे या, उलटं केलंत तर 100 वरून 300 करताना उरलासुरला नॉइजही तिप्पट होतो. आणि अँप ग्लो (सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे कडेला दिसणारी चमक) असेल तर बेतणं विसरा, तो वेळेच्या सरळ प्रमाणात वाढेलच असं नाही. काही हॉट पिक्सेलही तापमानाच्या नियमाला जुमानत नाहीत, म्हणून मी तापमान बदलून बेतायच्या भानगडीत पडत नाही, फक्त वेळ बदलतो.

धागाकर्ता
ठरलं मग, बेतलेला आणि बनावट. बनावटच्या फिट्स हेडरमध्येही (फोटोच्या फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) तसं स्पष्ट लिहा अशी एक ओळ टाकतो, नाहीतर फाइल फोल्डरमध्ये पडून राहते आणि पुढच्या वर्षी कुणीतरी खरी समजून वापरतं.